चिमीचे नमुने आणि तुझी मंडळी

चि. धाकटोबास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. वहिनीला तुझ्याहून थोडे जास्तच, कारण ती तुझ्याबरोबर राहते. तुझी कंबर आता कशी आहे? खाली वाकलास की वर येताना कोणाला तरी हाक मारावी लागते असं मागे म्हणाला होतास, ते थांबलं का? वहिनीच्या मोतीबिंदूचं काम नीट पार पडल्याचं कळलं, फार बरं वाटलं. आता तिला सगळं स्वच्छ दिसत असेल, तेव्हा तू जरा जपून राहा. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. उजवा कुरकुरतो आणि डावा त्याला साथ देतो.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं सांगता येत नाही, ते उघडं पडून राहतं आणि कधीतरी वाचावंच लागतं. मी चौथीपर्यंतच शिकले, ते तुला ठाऊक आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जिथे जसे पडलेत तिथे तसे राहू देत. चिमी म्हणत होती मी तपासून देते, पण तिला दाखवू नये असं ह्या पत्रात थोडंसं आहे.

तर बातमी अशी की मी सध्या संशोधन करते आहे. हसू नकोस. वहिनीला हाक मार आणि पुढचं तिला मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे तुला हसता येणार नाही.

सुरुवात अशी झाली. आमची चिमी (माझ्या मोठ्याची मुलगी, तुझ्या मांडीवर बसून तुझाच चष्मा मोडणारी, ती आता विद्यापीठात डॉक्टर होते आहे, सुई टोचायची नव्हे, पुस्तकांची) एक दिवस डोकं धरून बसली होती. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, ‘आजी, डेटा मिळत नाहीये.’ मी लगेच माझा फोन आणून दिला. माझा रोजचा डेटा तसाच पडून असतो, मी फक्त ‘सुप्रभात’ची फुलं पाठवते. तर म्हणाली, ‘तसला नव्हे गं, मला प्रातिनिधिक नमुना हवाय.’ आता घरात लग्नाची नात आहे आणि ती डोक्याला हात लावून म्हणते मला नमुना हवाय, तर माणसाने काय समजावं? मी तिच्या शेजारी बसले, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, बाळ, मिळेल. मलाही उशिराच मिळाला. तुझे आजोबा एक नंबरचा नमुना होते, पण संसार झाला ना? आणि नमुनेच हवेत तर आपली गल्ली भरली आहे, समोरचाच एक गॅलरीत उभा राहून झाडांना गाणी म्हणून दाखवतो. चिमी आधी बघत राहिली आणि मग इतकी हसली की चहा नाकातून आला.

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. आमच्या घरात मला काही समजावून सांगायला वेळ असलेली ती एकटीच आहे. तिला शोधायचंय की देशात कंपन्या असतात त्या केवढाल्या असतात. (मी शिवणाच्या डब्यातली टेप काढायला उठले होते. पण केवढी म्हणजे लांबी-रुंदी नव्हे, आत काम करणारी माणसं किती ते.) त्यासाठी तिच्याकडे व्यापाऱ्यांच्या संघाने दिलेली एक जाडजूड यादी होती. पण त्या संघाचे सभासद व्हायला वर्गणी भरावी लागते, समारंभात कोट घालावा लागतो, त्यामुळे यादीत सगळ्या गब्बर कंपन्या. तिचे सर (हा माणूस बोलतो हळू आणि खोडतो भराभर) म्हणाले, दाराच्या चौकटीला ज्यांचं डोकं आपटतं त्यांचीच उंची मोजलीस, तर सगळा देश ताडमाड निघेल. बुटके कुठे आहेत? ते आण. सगळ्या तऱ्हांच्या, जशा गावात असतात तशा, थोड्या थोड्या उचलून आण. ह्याला प्रातिनिधिक नमुना म्हणतात. खरी मापं महिनाअखेरपर्यंत आणलीस तर पुढे जा, नाहीतर गब्बरांवरच काहीतरी लिही आणि मोकळी हो. आता तू चिमीला ओळखतोस. ती तीन वर्षं हेच घोकते आहे की बारक्या धंद्यांना कोणी मोजतच नाही, म्हणून सरकार योजना काढतं तेव्हा त्या गब्बरांच्याच मापाच्या शिवते. तिला गब्बरांवर लिहायला सांगणं म्हणजे मला साखरेशिवाय चहा देणं. घोट जातो, पण जगणं नको वाटतं.

मग संगणकाने सोडत काढली. इथल्या काही कंपन्या, बाहेरगावच्या काही. चिमी फाईल बगलेत मारून, चष्मा नाकावर घेऊन निघाली. पहिला आला छापखाना. मालकाने फाईल पाहिली, चष्मा पाहिला आणि तो गारठलाच. ‘आपल्याकडे माणसं किती?’ असं चिमीने विचारलं, तर म्हणाला, ‘माणसं कसली मॅडम, मी एकटाच.’ आत यंत्र धडधडत होतं आणि कोणीतरी ओरडलं, ‘मालक, काळी संपली हो!’ (शाई रे. चिमीने विचारलं हे कोण, तर म्हणे रेडिओ.) दुसरा आला गादीवाला. तोही एकटाच. मागे चार माणसं कापूस पिंजत नखशिखांत पांढरी झालेली, श्वास धरून उभी. चिमीने तिकडे बोट केलं तर हा गृहस्थ न अडखळता म्हणतो, ‘तो तयार माल आहे.’ तेवढ्यात तयार माल शिंकला. अशी ही पोरगी दारोदार फिरली आणि प्रत्येक कंपनीत एकेकच माणूस घेऊन घरी आली. सगळ्यांना वाटलं ही करखात्याची.

त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, अगं, तू जाऊन उभी राहतेस तीच मुळी नोटीस आल्यासारखी. उद्या मी येते. म्हातारी बरोबर असली की लोक पाणी विचारतात, पाणी दिलं की बोलतात. चिमी आढेवेढे घेत होती, पण मी तोवर कपाटातले चांगले कपडे काढले होते, मोत्यांच्या कुड्या घातल्या होत्या, आणि एकदा कुड्या घातल्यावर मी घरी बसत नाही हे तिला माहीत आहे.

धाकटोबा, काय सांगू तुला, काय तो मान! तोच छापखाना, तोच मालक. मी खुर्चीत बसले, चिमीला शेजारी बसवलं (फाईल पिशवीत घालायला लावली) आणि आपलं रीतीने विचारलं, धंदा कसा काय चाललाय, जागा स्वतःची की भाड्याची, हाताखाली माणसं किती? मालकाने माझ्याकडे पाहिलं, चिमीकडे पाहिलं, शर्टाची वरची गुंडी लावली आणि म्हणाला, ‘वीसेक असतील. दुसरी शाखा धरली तर जास्त.’ शाखा कुठे विचारलं तर होणार आहे म्हणाला. मग घरातून त्याची आई आली, पदर सावरत, हसत, आणि चिमीच्या समोर बसून तिला एकटक बघायला लागली. शिक्षण काय, उंची किती, चष्मा जन्मापासून आहे का, उठून जरा ते कॅलेंडर आणून देतेस का. चिमीने आणून दिलं. चालताना बाई तिच्या पायांकडे बघत होती. मला वाटलं किती प्रेमळ माणसं! गादीवाल्याकडे तर कमालच. एकटा होता ना? आम्हाला बघताच आत गेला आणि बाहेर रांग उभी केली. कापसातले चौघे होतेच, शिवाय शेजारचा इस्त्रीवाला, समोरचा न्हावी (हातात वस्तरा तसाच), आणि एक गृहस्थ उशी बगलेत धरून. त्याला मी विचारलं तुम्ही इथे काय काम करता, तर म्हणाला मी ही उशी बदलून घ्यायला आलोय, मला इथे का उभं केलंय ते कळत नाहीये. जाताना गादीवाल्याने हळूच सांगितलं, पुतण्या माझाच भागीदार आहे, निर्व्यसनी आहे, रविवारी मुद्दाम बोलावून घेतो, तुम्ही या.

रस्त्यात आल्यावर चिमी म्हणाली, ‘आजी, ह्यांना वाटतंय तू माझ्यासाठी स्थळ बघत फिरतेयस. मी नमुने मोजायला गेले, नमुन्यांनी मलाच मोजलं.’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. (खरं सांगायचं तर गादीवाल्याचा पुतण्या मी रविवारी जाऊन पाहिला. नको.)

आता आली का पंचाईत! चिमी गेली तर कंपनीत एक माणूस, मी गेले तर वीस. ती रडकुंडीला येऊन सरांकडे गेली, मीही मागोमाग, कारण घोळात अर्धा वाटा माझा होता. सरांची खोली म्हणजे पुस्तकांचं गोदाम आणि मधे एक माणूस अडकलेला. ते पोट धरून हसले, मला स्वतः उठून खुर्ची दिली, पण आकडे खोडले ते खोडलेच. मी म्हटलं, अहो सर, एक आणि वीस ह्यांच्या मधलं धरा की. बाजारात तसंच करतो, तो जास्त सांगतो, मी कमी सांगते, मधे तुटतं. सर म्हणाले, ‘आजी, बाजारात तुम्हाला भाव ठरवायचा असतो. इथे माणसं आधीच जन्माला आलेली आहेत.’ महिना निम्मा सरला होता.

पुढचं झालं ते माझ्या गुडघ्याने केलं, त्यात माझी हुशारी काही नाही. परत येताना छापखान्याच्या दारातच तो असा धरला की मला आत जाऊन बसावं लागलं. चिमी इतकी दमली होती की तिने काही विचारलंच नाही. बसल्या बसल्या बोलायचं काय, म्हणून मी आमच्या नळवाल्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. गळतो नळ, येतो म्हणतो, येत नाही, आला की पाना विसरतो, पाना आणायला गेला की तिकडचाच होतो. छापखानेवाला एकदम उसळला. ‘आजी, तुम्हाला एक नळवाला आहे, माझं बघा जरा!’ आणि जो सुटला! म्हणे यंत्रावरचा गडी गातो, आणि तान लांबली की शाई पसरते. बांधणीवाल्याच्या इतक्या सासवा वारल्या की त्याची बायको नक्की कितव्या घरातली हे विचारायची सोय नाही. मुद्रितं तपासणारे गुरुजी पानावर डोकं ठेवूनच झोपतात, उठतात तेव्हा कपाळावर बातमी उमटलेली असते. कागद कापणारा डावरा आहे आणि मशीन उजव्या हाताचं. बायको दुपारी हिशेब बघायला येते आणि हिशेबापेक्षा मलाच जास्त बघते. आणि मेहुणा! तो नक्की काय करतो हे अजून मलाही कळलेलं नाही, पण पगाराच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येतो. मी आपली च्च च्च करत होते. चिमी मात्र ताठ बसली होती आणि पिशवीच्या आड तिची बोटं एकेक मिटत होती.

रस्त्यावर येताच तिने मला मिठी मारली, भर चौकात, मागे बसवाला हॉर्न वाजवतोय. म्हणाली, आजी, करखात्याच्या भीतीने माणूस कमी सांगतो, सोयरिकीच्या आशेने जास्त सांगतो, पण गाऱ्हाणं सांगताना कोणी कमीही सांगत नाही आणि जास्तही सांगत नाही! छळणारं एकही माणूस तो विसरत नाही, आणि नसलेला माणूस कोणाला छळत नाही. शिवाय बायको! फाईलीसमोर कोणीच बायको मोजत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, ती घरचीच, ती कशाला लिहायची. गाऱ्हाण्यात मात्र ती हमखास येते, बहुतेकदा पहिल्या पाचात.

तेव्हापासून आमची जोडी जमली. मी बसते, नळवाल्यापासून सुरू करते (नळ परवा दुरुस्त झाला, पण ते मी कोणाला सांगत नाही), आणि चिमी बोटं मिटते. मग गाऱ्हाणं संपलं की ती त्यांना सगळं खरं सांगते की मी विद्यापीठातली, नावगाव कुठे छापणार नाही, हा आकडा लिहू का? तोवर माणूस इतका मोकळा झालेला असतो की लिहा म्हणतो, वर म्हणतो मेहुण्याला अर्धाच लिहा. सरांनी खातरजमा म्हणून काही ठिकाणी मालक आणि मालकीण यांना वेगवेगळं बोलतं करायला लावलं. गाऱ्हाणी उलटसुलट निघाली, माणसं तीच. सरांनी ह्या पद्धतीला एक नाव दिलंय, ते उच्चारायला मला दात काढून ठेवावे लागतील.

एकदाच आमची पद्धत अडली. एक घड्याळजी आहे, जिन्याखालच्या खोलीत. मी नळवाला सांगितला, शेजारीण सांगितली, न केलेल्या कागाळ्याही करून झाल्या. तो डोळ्याला भिंग लावून ऐकत होता आणि म्हणत होता, ‘चालायचंच. माझं तसं सगळं ठीक आहे.’ गाऱ्हाणं करायला माणूसच नव्हतं रे त्याच्याकडे. चिमीने एक लिहिलं. निघताना म्हणाला, पुन्हा या, घड्याळ बिघडलेलं नसलं तरी या. मी माझं हातातलं चांगलं चालणारं घड्याळ त्याच्याकडे दुरुस्तीला टाकून आले. वेळ आता चिमीला विचारते.

तर चिमीचं चित्र तयार होत आलंय. कागदावर काढलंय, अगदी पालीसारखं दिसतं. डोकं केवढं थोरलं, ते सगळे एकटेदुकटे आणि चारपाच जणांचे धंदे. आणि पुढे बारीक होत गेलेली लांबच लांब शेपूट, तिच्या टोकाला ते कोटवाले गब्बर. सरांनी ते चित्र पाहिलं आणि पहिल्यांदाच काही खोडलं नाही. एकच कंपनी राहिली आहे, तिचा खरा आकडा आला की चिमी गड जिंकली. त्याबद्दल खाली लिहिते. वहिनीला सांभाळ. इकडे सर्व ठीक.

तुझी,
ताई

ता. क. ती राहिलेली कंपनी तुझी आहे. बाहेरगावच्या सोडतीत संगणकाने पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक कारखाना काढला, पाटीवर तुझं नाव आणि पुढे ‘आणि मंडळी’. चिमीने उडी मारली, मामाआजोबा तर घरचेच! तिने फोन केला. तू चाळीस माणसं सांगितलीस. पोरीने लिहून घेतलं आणि तेव्हापासून ताटातला भात नुसता चिवडते, कारण मोठ्या माणसाला खोटं कसं म्हणायचं, आणि खोटं लिहायचं तरी कसं? तिच्या पालीच्या शेपटीत मधेच एक गाठ आली आहे, ती तू आहेस. अरे, त्या खोलीत चाळीस माणसं उभी राहिली तर खोकी कुठे ठेवाल? गेल्या खेपेला मी आले तेव्हा डिंक लावत तू होतास, घड्या घालत वहिनी होती, आणि तू ‘अरे कोण आहे तिकडे?’ म्हणून मालकाच्या थाटात हाक मारलीस तेव्हा ‘मीच आहे’ असा वहिनीचाच आवाज आला. पूर्वी पुरुषमाणसं बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणत, आठवतं ना? मग तुझी पाटी अक्षर न् अक्षर खरं बोलते आहे, फोनवर तूच तेवढा चुकलास. तेव्हा उलटटपाली तुझ्याकडच्या माणसांची सगळी गाऱ्हाणी मला लिही. प्रकृतीचं नाही लिहिलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा. माणसं एकेक करून गेली हे तू कळवलं नाहीस, त्याचा मला राग नाही. शेजारच्या कारखान्यात खोकी करणारं मोठं यंत्र आल्यावर तू तरी काय करणार? पण लाज वाटून घेऊ नकोस. मी चिमीला मुद्दाम विचारून घेतलंय. दोन माणसांची कंपनी त्या पालीच्या डोक्यात येते, जिथे निम्म्याहून जास्त देश बसलाय. तिच्या भाषेत तू लहान नाहीस, तू प्रातिनिधिक आहेस. कोटवाल्यांना जन्मात होता येणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना चिमी आली आणि मी काय लिहिलंय ते मला सांगावं लागलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आजी, तू नुसती नळवाल्याची गाऱ्हाणी लिहायची होतीस, म्हणजे मामाआजोबांनी आपोआप त्यांची लिहिली असती. तू तर सगळी पद्धतच सांगून टाकलीस, आता त्यांचं उत्तर धरता येणार नाही, नमुना बाटला. एवढं पत्र पुन्हा कोण लिहील? तेव्हा असं कर, हे वहिनीच्या हातात दे आणि उत्तर तिलाच लिहू दे. तिने गाऱ्हाणी तुझ्यापासून सुरू करावीत, आणि तुझ्यावरच संपली तरी चिमी तेवढंच लिहून घेईल.